अस्वलांचं बिऱ्हाड

"आता इंडियाना म्हणे!"

काकू कुंपणापलीकडून एवढ्या जोरात म्हणाल्या की मी रिसायकलचा डबा ओढता ओढता थांबले. काकूंचं वाक्य ‘म्हणे’वर संपलं की हातातलं काम बाजूला ठेवायचं, हे आमच्या दोन अंगणांतलं ठरून गेलेलं आहे. नाताळ नुकताच झाला होता, लॉनचा नुसता चिखल होता, आणि काकू काकांचं जुनं जॅकेट चढवून बाहेर आल्या होत्या. म्हणजे विषय घरात मावणारा नव्हता.

"कोण चाललं इंडियानाला?"

"कोण म्हणजे? तुझ्या लेकाचे लाडके बेअर्स! जाहीर पत्र काढलंय. आर्लिंग्टन हाइट्सचं काही पुढे सरकेना, म्हणून वायव्य इंडियानातही जागा बघणार आहेत. चार वर्षांपूर्वी आमच्याकडे साखरपुडा उरकला, तरी यांचं दारोदार पोहे खाणं काही संपत नाही!"

पत्राचं मला माहीत होतं. टीमचे अध्यक्ष केव्हिन वॉरन यांनी 2025 च्या डिसेंबरच्या मध्याला ते लिहिलं, आणि तेव्हापासून आमच्या गावाला दुसरा विषय नव्हता. गाव म्हणजे शिकागोच्या वायव्येचं हे आर्लिंग्टन हाइट्स. बेअर्स म्हणजे शिकागोची फुटबॉलची टीम. फुटबॉल तो इथला, हेल्मेट घालून अंगावर धावून जायचा. या टीमला नवं, छपराचं स्टेडियम हवंय. ते कुठे बांधायचं आणि त्यात लोकांचा पैसा किती घालायचा, यावर भांडण चाललंय. काकूंच्या मते यातलं ‘कुठे’ नुसतं दाखवायला आहे.

"कुठे ते ‘किती’वर ठरतं गं," त्या म्हणाल्या. "जो जास्त घाबरेल, त्याचं गाव चांगलं."

"पण इथली जागा तर त्यांनी विकत घेऊन ठेवलीय."

"ठेवलीय ना! 326 एकर. 19 कोटी 72 लाख डॉलर मोजले. फेब्रुवारी 2023 मध्ये खरेदी पुरी झाली." (अर्धं आयुष्य इथे गेलं तरी काकू मिलियन-बिलियन म्हणत नाहीत. त्या कोटीतच मोजतात, आणि त्यांचा हिशेब चुकलेला मी पाहिलेला नाही. नोकरीभर त्यांनी एका अकाउंटंटकडे लोकांचे टॅक्सच भरले.)

"जागा काय म्हणता? रेसकोर्स म्हणा, रेसकोर्स," असं म्हणत काका गॅरेजमधून बाहेर आले.

ही काकांची दुखरी नस. मुंबईत असताना महालक्ष्मीचा रविवार त्यांनी चुकवला नाही, आणि इथे घर घेताना काकूंनी शाळा बघितल्या, यांनी बघितलं आर्लिंग्टन पार्क. 1927 सालचं रेसकोर्स. 1981 मध्ये तिथे ‘आर्लिंग्टन मिलियन’ पहिल्यांदा धावली. दहा लाख डॉलर बक्षिसाची थरोब्रेड घोड्यांची जगातली पहिली शर्यत. जॉन हेन्री आणि द बार्ट एकमेकांना चिकटून रेषेवर आले, टीव्हीवाल्यांनी बार्टला विजयी करूनही टाकलं, आणि फोटो बघितला तेव्हा जॉन हेन्रीचं नाक पुढे निघालं. हे सांगताना काका दर वेळी स्वतःची मान पुढे काढतात आणि हनुवटी अशी काही ताणतात की घोडा कोण होता याबद्दल शंका राहू नये.

"पंच्याऐंशी साली, 31 जुलैला, अख्खं ग्रँडस्टँड जळालं. पंचवीस दिवसांत त्यांनी तंबू ठोकले, बाकं मांडली आणि मिलियन धावली! आगीनं नाही बंद पडलं ते. 2021 च्या सप्टेंबरात शेवटची शर्यत झाली ती माणसांच्या कृपेनं. मालकांना डेस प्लेन्सच्या कॅसिनोत जास्त सुटत होतं."

मालक म्हणजे चर्चिल डाउन्स, केंटकी डर्बी भरवणारी कंपनी. तिचा त्या जवळच्या कॅसिनोत मोठा वाटा आहे हे खरं. बाकीचं काकांचं दुःख.

"महालक्ष्मीला बघ," ते मला म्हणाले. "211 एकरांतले 120 बागेसाठी महापालिकेकडे, पण घोडे राहिले. इथे घोडे गेले, ग्रँडस्टँड पाडलं, आणि नुसतं कुंपण घालून ठेवलंय."

"पाडलं ते टॅक्स वाचवायला," काकू म्हणाल्या. "इमारत उभी असली की तिची किंमत धरतात. तुम्ही टोपी घालून या, कान लाल झालेत."

काका जागचे हलले नाहीत.

टॅक्सचा विषय त्या वर्षी हळवा होता. कुक काउंटीच्या प्रॉपर्टी टॅक्सचा दुसरा हप्ता एरवी ऑगस्टच्या सुमाराला भरायचा असतो. 2025 मध्ये नव्या संगणकप्रणालीच्या घोळात बिलंच रखडली आणि मुदत पडली 15 डिसेंबर. म्हणजे ऐन नाताळाच्या तोंडावर लोकांनी हजारो डॉलर भरले, आणि त्याच आठवड्यात बेअर्सचं पत्र आलं की टॅक्सची खात्री मिळाल्याशिवाय आम्हाला बांधता येत नाही. मुहूर्त काढणारा माणूस कोण, ते विचारायला हवं.

काकूंनी कुंपणाच्या ओल्या फळीवर बोटानं रेघ ओढली. "हे बघ. शाळा, गाव, पार्क, वाचनालय, ही मंडळी आधी ठरवतात की यंदा आम्हाला एवढे पैसे लागणार. ती रक्कम ठरली की सगळ्यांच्या मालमत्तेच्या किमतीप्रमाणे वाटून येते. आता एकाची किंमत कागदावर कमी धरली," त्यांनी रेघेचा एक तुकडा पुसला, "तर तेवढे पैसे हवेत जात नाहीत. ते तुझ्या नि माझ्या बिलात येतात. आणि बिलातला सगळ्यात मोठा घास शाळांचा असतो."

म्हणून या प्रकरणात सगळ्यात घट्ट उभे राहिले ते शाळावाले. ती जमीन 15, 211 आणि 214 अशा तीन शाळा-डिस्ट्रिक्टांच्या हद्दीत येते. असेसरनं जमिनीची किंमत धरली खरेदीच्या भावानं. बेअर्स म्हणाले, अहो, आता तिथे घोडे नाहीत, ग्राहक नाहीत, ही तर पडीक जमीन! शाळांनी आपला मूल्यमापक आणला. वकिलांची घरं भरली, आणि 2024 च्या अखेरीला तडजोड झाली, तीही रिकाम्या जमिनीपुरती. स्टेडियम उभं राहिल्यावर काय, हा प्रश्न तसाच.

आता मी बेअर्सची बाजू घेतली. कोणीतरी घ्यायला हवी होती, आणि माझा मुलगा घरात झोपला होता. "पण काकू, एवढं अब्जावधींचं बांधकाम. पुढच्या वर्षी असेसर काय किंमत लावेल याचा भरवसा नसेल, तर कर्ज कोण देणार? ते म्हणतायत, स्टेडियम आमच्या पैशानं बांधतो, फक्त वर्षाला किती द्यायचे ते गावाशी आणि शाळांशी बोलून पक्कं करू द्या, तसा कायदा करा."

"मला दिलाय कोणी भरवसा? यंदाच आपल्या भागाची फेरआकारणी झाली, तिचा दणका पुढच्या वर्षी बसणार. माझी किंमत गोठवा म्हणून मी राज्याच्या राजधानीत, स्प्रिंगफील्डला गेले तर चहा तरी विचारतील का?"

याला उत्तर नव्हतं. पण घोडं पेंड खातंय ते इथे. शिकागोत बेअर्स ज्या सोल्जर फील्डवर खेळतात, ते शिकागो पार्क डिस्ट्रिक्टच्या मालकीचं, म्हणजे सार्वजनिक. बेअर्स तिथे भाडेकरू. सार्वजनिक जागेला प्रॉपर्टी टॅक्स नाही. देशातली बरीचशी फुटबॉल स्टेडियमं अशीच कुठल्या ना कुठल्या सरकारी प्राधिकरणाच्या नावावर आहेत, मग बांधताना पैसा कोणाचा का असेना. भाडेकरूला पार्किंगपासून नावाच्या पाटीपर्यंत सगळ्याचा मलिदा मात्र मिळत नाही. आर्लिंग्टन हाइट्समध्ये जमीन स्वतःची, तर भोवतीची हॉटेलं, दुकानं, घरं यांची कमाईही स्वतःची.

"कमाई मालकाची हवी आणि घरपट्टी भाडेकरूची," काकूंनी निकाल लावला.

"आणि रस्ते?" काका म्हणाले.

"हो, रस्ते राहिलेच! स्टेडियमला एक पैसा नको म्हणतात. पण रस्ते, पाणी, गटारं, स्टेशन, यांना साडेपंच्याऐंशी कोटी डॉलर हवेत सरकारकडून."

इथे माझं आणि काकूंचं जमत नाही. मला वाटतं, स्टेडियम कुठे असावं याचा नुसता नकाशा बघून विचार केला, तर ही जागा वाईट नाही. मेट्रा रेल्वेचं आर्लिंग्टन पार्क स्टेशन जमिनीला लागून आहे, 53 नंबरचा हायवे शेजारी आहे, आणि शेकडो एकर मोकळी सपाट जमीन कुक काउंटीत पुन्हा निघायची नाही. सप्टेंबर 2022 मध्ये हर्सी हायस्कूलच्या जिममध्ये बेअर्सनी पहिल्यांदा लोकांपुढे आराखडा मांडला, तेव्हा चित्रं बघून मीही हरखले होते. तळं, झाडं, चालायचे रस्ते. अशा चित्रांत कधी थंडी नसते आणि कोणी पार्किंग शोधत नसतं, हे तेव्हा लक्षात यायचं नाही.

"पार्किंग!" काकांनी शब्द झेलला. ग्रीन बेला पॅकर्सच्या स्टेडियमभोवतीची घरं मॅचच्या दिवशी आपली लॉनं गाड्यांना भाड्यानं देतात, हे कोणीतरी त्यांना सांगितल्यापासून त्यांनी ड्राइव्हवेची मापं घेऊन ठेवली आहेत. तीन गाड्या, एकीमागे एक. मागच्यानं आधी निघायचं.

"आपलं घर तिथून दोन मैलांवर आहे," काकू.

"तंगडतोड करणारे असतात लोक."

"आणि तुम्ही काय, दारात कंदील घेऊन उभे राहणार?"

पुढे काकूंनी जुनी खाती काढली. सोल्जर फील्ड 1924 सालचं. बेअर्स तिथे आले 1971 मध्ये, त्याआधी बेसबॉलच्या रिग्ली फील्डमध्ये खेळायचे. 2003 साली जुन्या ग्रीक खांबांच्या आत काचेचा प्रचंड वाडगा बसवून त्याचं नवं स्टेडियम केलं. ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको; देवळात उडती तबकडी उतरल्यासारखं दिसतं. त्यापायी 2006 मध्ये इमारतीचा राष्ट्रीय ऐतिहासिक दर्जा गेला. आणि एवढं करून मावतात किती, तर 61,500. साऱ्या लीगमध्ये सगळ्यात कमी.

"आणि कर्ज?" काकूंनी विचारलं, आणि उत्तर अर्थातच त्यांच्याकडेच होतं. "ते इलिनॉय स्पोर्ट्स फॅसिलिटीज ऑथॉरिटीनं काढलं. शिकागोत हॉटेलात उतरणाऱ्याकडून दोन टक्के घेतात ना, त्यातून फेडायचं. का, तर म्हणे बाहेरचे पाहुणे भरतील, आपल्याला तोशीस नाही. मग पाहुणे कमी आले की तूट कोणाच्या गळ्यात? शिकागो शहराच्या. हप्ते असे बांधलेत की सुरुवातीला चिमूटभर आणि शेवटी डोंगर. 2032 पर्यंत फेड चालणार. 2024 मध्ये हे लोक नवीन मागायला गेले, तेव्हा व्याज धरून बाकी मूळ कर्जापेक्षा जास्त होती!"

या ऑथॉरिटीच्या पहिल्या मैदानाची गोष्ट काकांच्या तोंडून ऐकावी. बेसबॉलच्या व्हाइट सॉक्स टीमला 1988 मध्ये नवं मैदान हवं होतं, नाहीतर आम्ही फ्लोरिडाला चाललो. फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गनं तर टीम मिळायच्या आधीच डोम बांधायला घेतला होता. 30 जून हा विधिमंडळाचा शेवटचा दिवस. रात्री बारानंतर साधं बहुमत पुरणार नव्हतं, तीन पंचमांश लागणार होतं. गव्हर्नर जिम थॉम्प्सन स्वतः सभागृहात बाकाबाकांशी जाऊन आमदारांना गळ घालत होते. मतं पुरेनात. बारा वाजले. तर सभागृहाचं घड्याळच थांबवून ठेवलं! बाहेरच्या जगात पहिली जुलै उजाडली, आत तीसच तारीख. त्या थांबलेल्या मिनिटात विधेयक मंजूर झालं, आणि 1991 मध्ये नवं मैदान उभं राहिलं.

"एकादशीला मुहूर्त साधायला भटजींनीसुद्धा एवढं केलं नसतं," काकू म्हणाल्या. मी मनात म्हटलं, थांबवलेल्या घड्याळावर चाललेल्या संस्थेकडून वेळेवर कर्जफेड कोण मागणार?

2024 चा एप्रिल आठवला की आमच्या गावाला अजून राग येतो. आर्लिंग्टन हाइट्सच्या टॅक्सची बोलणी अडली, तशी बेअर्सनी पाठ फिरवली आणि थेट शिकागोच्या तळ्याकाठी, सोल्जर फील्डच्या शेजारीच, नव्या डोमची चित्रं झळकवली. स्टेडियम 320 कोटी डॉलरचं. त्यात 90 कोटी त्या घड्याळवाल्या ऑथॉरिटीच्या नव्या कर्जातून. शिवाय भोवतालच्या कामांना टप्प्याटप्प्यानं 150 कोटींपर्यंत. महापौर ब्रँडन जॉन्सन खुशीत शेजारी उभे. गव्हर्नर प्रित्झकर यांचा चेहरा मात्र पहिल्या दिवसापासून आंबट.

आणि तळ्याचा काठ म्हणजे शिकागोत देवघर. 1836 च्या नकाशावरच तिथल्या जमिनीच्या एका पट्ट्यावर लिहून ठेवलंय की ही जागा कायमची मोकळी राहावी. माँटगोमेरी वॉर्ड नावाच्या व्यापाऱ्यानं त्या एका ओळीच्या जोरावर वीस वर्षं कोर्टकचेऱ्या करून ग्रँट पार्क मोकळं ठेवलं. अगदी अलीकडे जॉर्ज लुकास, तो स्टार वॉर्सवाला, स्वतःच्या पैशानं तिथे संग्रहालय बांधायला निघाला, तर ‘फ्रेंड्स ऑफ द पार्क्स’ या संस्थेनं दावा लावला आणि 2016 मध्ये त्यानं गाशा गुंडाळला; संग्रहालय पुढे लॉस एंजेलिसला गेलं. फुकट देणाऱ्याला जिथे हुसकलं, तिथे मागत येणाऱ्याचा काय पाड? वर्षभरातच बेअर्स परत आमच्या दारी. 2025 च्या सप्टेंबरात पत्र, की कुक काउंटीत आर्लिंग्टन हाइट्स ही एकच जागा जमण्यासारखी आहे. आणि डिसेंबरात हे इंडियानाचं.

"मध्यंतरी नेपरव्हिल होतं," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज बदलला. नेपरव्हिलला काकूंच्या नणंदबाई राहतात. 2023 मध्ये तिथल्या महापौरांनी बेअर्सना पत्र लिहून आमच्याकडे जागा बघा म्हटलं, त्यापाठोपाठ वॉकीगनही पुढे आलं. "वन्संनी मला फोन केला, बरं का. ‘वहिनी, आता मॅचला आमच्याकडेच उतरा हं.’ मी म्हटलं, वन्सं, आधी तुमच्या शाळेचा टॅक्स बघा! तीन महिने फोन नाही."

"मग पुढे?"

"पुढे काय? बेअर्स नेपरव्हिलला गेलेच नाहीत. जायचं नव्हतंच. आम्हाला दाखवायला वन्संना मिरवलं."

आता इंडियानाचं काय करायचं? मुलगा म्हणतो, शिकागो बेअर्स दुसऱ्या राज्यात कसे जातील? काका हसले. न्यूयॉर्कच्या नावाच्या दोन्ही टीम न्यू जर्सीत खेळतात, जायंट्स तर 1976 पासून. आणि राज्याची सीमा शिकागोला इतकी खेटून आहे की सोल्जर फील्डपासून इंडियानातलं हॅमंड आमच्या गावापेक्षा जवळ पडतं. 1995 मध्येही तिकडच्याच गॅरीजवळ स्टेडियमचा घाट घातला होता; तिथल्या काउंटीनं टॅक्स बसवायला नकार दिला आणि बेत बारगळला. त्याच्याही आधी, 1975 मध्ये, टीमचे संस्थापक जॉर्ज हॅलस याच आर्लिंग्टन हाइट्सच्या गोष्टी करत होते. तेव्हाचे महापौर रिचर्ड डेली यांनी सुनावलं की जायचं तर जा, पण शिकागोचं नाव इथे ठेवून जा. आर्लिंग्टन हाइट्स बेअर्स म्हणवून घ्या.

"म्हणजे आपण पन्नास वर्षं राखीव खेळाडू," मी म्हटलं.

"पण हसण्यावारी नेऊ नकोस," काकू म्हणाल्या. "कॅन्सस सिटीचं वाचलंस ना?"

वाचलं होतं. 2024 च्या एप्रिलमध्ये तिथल्या जॅक्सन काउंटीच्या लोकांनी स्टेडियमसाठीचा विक्रीकर मतदानात पाडला. नाही म्हणजे नाही. मग शेजारच्या कॅन्सस राज्यानं जाळं टाकलं, आणि 2025 च्या नाताळाच्या तीन दिवस आधी तिथल्या चीफ्स टीमनं जाहीर केलं की 2031 पासून आम्ही सीमेपलीकडे. 300 कोटींचं छपराचं स्टेडियम, 60 टक्के पैसा सरकारी. मतदारांना बदलता येत नाही, म्हणून टीमनं राज्यच बदललं. तेव्हा इंडियाना ही नुसती हूल, असं आता छातीठोक म्हणवत नाही. मतदारांना विचारलंच नाही तर आपली किंमत शून्य, आणि विचारलं नि नकार दिला, तर असं.

मी मिनियापोलिसचं उदाहरण काढलं, कारण वॉरनसाहेब बेअर्सकडे येण्याआधी तिथे व्हायकिंग्ज टीमचे मोठे अधिकारी होते. तिथेही आधी आर्डन हिल्स की शहर असा जागेचा घोळ झाला, शेवटी जुन्या डोमच्याच जागी बांधलं. राज्याचा वाटा बारमधल्या इलेक्ट्रॉनिक जुगाराच्या खेळातून निघायचा होता. पहिल्या वर्षी साडेतीन कोटी येतील म्हणाले होते. अंदाज घसरत घसरत सतरा लाखांवर आला. सिगारेटवर कर लावून भोक बुजवलं.

"पण काकू, पुढे तो जुगार असा चालला की राज्यानं 2023 मध्ये आपलं कर्ज मुदतीच्या कितीतरी आधी फेडून टाकलं. तेव्हा दर वेळी बुडतंच असं नाही."

"म्हणजे लोकांनी बारमध्ये बसून फेडलं. उत्तम!" काकू म्हणाल्या. "तुझ्या त्या शिकागो विद्यापीठानं अर्थशास्त्रज्ञांना विचारलं होतं ना?"

2017 मध्ये विचारलं होतं. स्टेडियमला दिलेल्या सरकारी मदतीचा खर्च तिथल्या करदात्यांना होणाऱ्या फायद्यापेक्षा जास्त असण्याची शक्यता आहे का? ऐंशी टक्क्यांवर लोकांनी हो म्हटलं. इतकं एकमत त्या जमातीत महागाईच्या कारणांवरही होत नाही. त्यांचं म्हणणं साधं आहे. मॅचला खर्च केलेले पैसे माणूस एरवी सिनेमाला, हॉटेलात, दुसऱ्या कशात तरी खर्च करणारच होता. शिवाय फुटबॉलचे घरचे सामने वर्षाला दहाच्या आतबाहेर. उरलेले दिवस ते कुठल्या गायिकेची वाट बघत बसणार.

"आणि तो पायानं खेळायचा फुटबॉल बघ," काका अचानक म्हणाले. शिकागो फायर, सॉकरची टीम. तिचे मालक जो मॅन्सुएटो यांनी 2025 च्या जूनमध्ये जाहीर केलं की शहराच्या मध्यभागाच्या दक्षिणेला, नदीकाठच्या ‘द 78’ नावाच्या मोकळ्या जागेत 65 कोटी डॉलरचं स्टेडियम स्वतःच्या पैशानं बांधतो. सप्टेंबरात शहरानं मंजुरीही दिली.

"मॅन्सुएटो म्हणजे मॉर्निंगस्टारचाच ना?" काकूंचे डोळे चमकले. "आपल्या भाचीचं ऑफिस वाशीला आहे, त्या मॉर्निंगस्टारचा? बघा! हिशेबाची कंपनी काढलेला माणूस. त्याला कळतं, कशाला किती द्यायचं."

माझ्या मनात आलं की तिथेही भोवतीच्या रस्त्यांना शहराचा हात लागणारच आहे, आणि सॉकरच्या स्टेडियमचा खर्च बेअर्सच्या डोमच्या पावपटही नाही. पण काकूंच्या भाचीच्या मालकाविरुद्ध कुंपणाला टेकून बोलण्यात शहाणपण नव्हतं.

"तुझं काय मत?" काकूंनी विचारलं. "यावेत की जावेत?"

यावेत, मी म्हटलं. पण पूर्ण भावात. रस्ते आणि स्टेशन सरकारनं करावं, ते आपणही वापरू. टॅक्सची रक्कम पक्की करायची तर करा, पण ती शाळांनी कबूल केलेली असू दे, आणि दर काही वर्षांनी वाढणारी. सोल्जर फील्डचं उरलेलं कर्ज जाताना तिथल्या लोकांच्या गळ्यात टाकून जाऊ नका. आणि एवढ्यावर इंडियानाला जायचं असेल, तर जाऊ देत. मुलाचं मी बघते.

"मुलाला सांगणार कोण पण?"

"तुम्ही."

काका खूष झाले. "त्याला ही टीम मुळात आली कुठून ते सांगतो. डिकेटर गावची. स्टेली नावाच्या स्टार्चच्या कारखान्याची. 1921 मध्ये कारखानदार म्हणाला, मला ही परवडत नाही, तू शिकागोला घेऊन जा, फक्त एक हंगाम माझ्या कारखान्याचं नाव ठेव. वर हॅलसच्या हातात पाच हजार डॉलर ठेवले."

"टीम न्यायचे पाच हजार दिले?" काकूंनी विचारलं.

"दिले."

"मग हे घराण्यातच आहे की हो! घराबाहेर पडायचं तर आधी कोणीतरी पैसे मोजायचे." काकूंनी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. "चला आत. आणि तू गं, तुझं अपील भरलंस का असेसरकडे? नसशील भरलं तर कागद घेऊन ये संध्याकाळी. तुझ्या घराची किंमत त्यांनी काय धरलीय ते मला बघायचंच आहे."